बक्षीसपत्राने मिळालेलं घर विकताना: आधी देणाऱ्याचा हक्क तपासा

बोरिवलीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले तेव्हा टोकन घेऊन झालं होतं, खरेदीदाराचं लोन मंजुरीला गेलं होतं आणि नव्या घराचा पहिला हप्ताही भरला होता. खरेदीदाराच्या वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली आणि नवव्या दिवशी सांगलीहून त्यांच्या बहिणीचं पत्र आलं: या घरात माझा हिस्सा आहे. गृहस्थ पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "आईने मला रजिस्टर बक्षीसपत्र करून दिलंय. सोसायटीत माझं नाव आहे. आता बहिणीचा संबंध काय?"

मी २२ वर्षं फोर्टमधल्या एका वकिलांच्या कार्यालयात मालकीचे शोध घेते, ज्याला सगळे 'सर्च काढणं' म्हणतात. बक्षीस मिळालेली घरं विकायला निघालेली माणसं रोज भेटतात. बहुतेकांचं घर व्यवस्थित विकलं जातं. जिथे अडतं तिथे कारण साधारण एकच असतं: बक्षीसपत्र नीट झालंय का हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण देणाऱ्याकडे त्या दिवशी नेमकं किती होतं हे कुणी पाहिलेलं नसतं. जेवढं आपलं, तेवढंच देता येतं. खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात, त्याच क्रमाने करा, आणि टोकन घेण्याच्या आधी करा.

पायरी १: घर देणाऱ्याकडे कसं आलं ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतची साखळी समोर मांडा आणि प्रत्येक हस्तांतराच्या शेजारी एक ओळ लिहा: कुणाकडून, कुणाला, कशाच्या आधारावर.

बोरिवलीच्या घराची साखळी अशी होती. वडिलांनी १९८९ साली फ्लॅट घेतला. २००६ साली ते मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीच्या नोंदीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलं. २०१७ साली आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. कागद नोंदवलेला, मुद्रांक भरलेला, दोन साक्षीदार. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

खोट २००६ सालात होती. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनी हा सोसायटीसाठी सोयीचा माणूस असतो. देखभाल खर्चाचं बिल कुणाच्या नावे काढायचं, पत्र कुणाला पाठवायचं, एवढ्यापुरता. इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर हस्तांतर करावं, पण वारसांना आपला हक्क मागायची वाट मोकळी राहते. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली कलम १५४ब-१३ आलं, त्यातही नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हटलंय.

म्हणजे २००६ साली ते घर आई, मुलगा आणि मुलगी या तिघांचं झालं, प्रत्येकी एक तृतीयांश. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे हे आपोआप होतं, त्यासाठी कुणी अर्ज करावा लागत नाही. आईने २०१७ साली अख्खं घर दिलं असं कागद म्हणतो, पण तिच्या हातात तिसरा हिस्साच होता, तेवढाच गेला. मुलाचे स्वतःचा आणि आईचा मिळून दोन हिस्से झाले. बहिणीचा तिसरा हिस्सा जागचा हलला नाही. घर दीड कोटीला जाणार असेल तर ५० लाख तिचे.

इथे एक गैरसमज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते: "मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, आमचे वडील आधी गेले." २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतल्या जन्मजात हक्काबद्दल आहे. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर मृत्युपत्र न करता मागे राहिलं, तर त्यात मुलीचा मुलाएवढाच हिस्सा १९५६ पासून आहे. तिचं लग्न झालंय, लग्नात खर्च झाला, ती परगावी असते, यातलं काहीही तो हिस्सा कमी करत नाही.

आणखी एक नाव लोक हमखास विसरतात: आजी. मुलगा वारला तेव्हा त्याची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची, वारस. (वडील मात्र त्या वर्गात नाहीत.) मग बोरिवलीच्या घराचे तीन नव्हे, चार हिस्से झाले असते, आणि आजी नंतर गेली की तिचा पाव हिस्सा काका-आत्यांमध्येही वाटला गेला असता. काका-आत्यांना याची कल्पना नसते, तुम्हालाही नसते. खरेदीदाराच्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना मात्र असते.

आता दुसरी बाजू. घर देणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलं असेल आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर हयातीत ते कुणालाही द्यायला तो मोकळा आहे. एका मुलाला दिलं, दुसऱ्याला काहीच नाही, तरी चालतं. मुलांसाठी अमुक भाग राखून ठेवलाच पाहिजे असा नियम या कायद्यात नाही. वडील गेल्यावर "हयातीत दिलेलं परत हिशेबात धरा" असं भावंडांना म्हणता येत नाही.

"पण हे वडिलोपार्जित आहे" हे वाक्यही तपासून घ्या. मुंबईत बोलताना वडिलांचं कुठलंही घर वडिलोपार्जित होतं. कायद्यात तसं नाही. आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्राविना गेले आणि वडिलांना त्यांच्याकडून घर मिळालं, तर मुलांच्या दृष्टीने ते वडिलांचं स्वतःचं घर ठरतं. चंदर सेन प्रकरणाच्या १९८६ च्या निकालापासून ही भूमिका पक्की आहे. मालमत्ता खरोखरच एकत्र कुटुंबाची असेल तर मात्र वडिलांना किंवा कर्त्याला ती प्रेमापोटी देऊन टाकता येत नाही. असं दान धार्मिक किंवा परोपकारी हेतूपुरतंच चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलं. गावची सामाईक जमीन विकून त्या पैशात मुंबईत खोली घेतली, असा दावा येतो तो याच आधारावर. तो सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, पण खोली घेताना पैसे कुठून आले याचे कागद तुमच्याकडे असतील तर वाद वाढायच्या आधीच मिटतो. वडिलांचं प्रॉव्हिडंट फंडाचं पत्र, ऑफिसच्या कर्जाचं पासबुक, जुन्या पतपेढीच्या पावत्या रद्दीत टाकू नका.

पागडीची खोली असेल तर थांबा. तिथे मालकी नाही, भाडेकरूचा हक्क आहे. त्याचं बक्षीसपत्र करून काही साधत नाही. तो रस्ता घरमालकाच्या संमतीतून जातो आणि त्यासाठी वेगळा सल्ला घ्या.

पायरी २: बक्षीसपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा

लोक पहिलं पान आणि शिक्का पाहतात. तुम्ही मधली पानं वाचा. स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदवलेलंच हवं, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं हवं. स्वीकाराचं वाक्य कागदात नसेल तर त्यानंतर ताबा घेतला, बिलं भरली, सोसायटीत नाव लावलं याचे पुरावे जोडा.

मग अटी शोधा. "देणार यांना हयातीत या घरात राहण्याचा हक्क राहील" असं लिहिलंय? मग रिकामा ताबा विकायला तुमच्याकडे नाही. "घेणार यांनी देणार यांचा सांभाळ करावा" असं आहे? मग ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ लक्षात घ्या. सांभाळ झाला नाही तर देणारा ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणाकडे जाऊन बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतो. २०२५ च्या जानेवारीत उर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलं. आईवडिलांना दुसरीकडे नीट सोय न करता घर विकायला काढणाऱ्यांचं काम आमचं कार्यालय घेत नाही, आणि ते मला योग्य वाटतं.

अशी अट नसेल, फसवणूक किंवा दबाव नसेल, तर नोंदवलेलं आणि स्वीकारलेलं बक्षीस केवळ मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

मुद्रांकही पाहा. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा वारलेल्या मुलाची पत्नी यांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. भावाने बहिणीला दिलं तर ही सवलत नाही, तरी कुणी २०० रुपयांतच उरकलं असेल तर आज कमी पडलेली रक्कम दंडासह भरावी लागेल. आणि नातू अजून अल्पवयीन असेल तर त्याचं घर विकायला न्यायालयाची परवानगी लागते. आजोबांनी कौतुकाने नातवाच्या नावावर केलेली घरं अशी वर्षानुवर्षं अडकतात.

पायरी ३: कुठला वारसा कायदा लागू आहे?

मुस्लिम कुटुंबात हिबा, म्हणजे बक्षीस, हयातीत पूर्ण मालमत्तेचाही होऊ शकतो, पण ताबा दिलेला हवा. मृत्यू ओढवलेल्या आजारपणात दिलेलं दान इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे टिकत नाही. म्हणून बक्षिसाची तारीख आणि मृत्यूची तारीख जवळजवळ असेल तर रुग्णालयाचे कागद मागितले जाणारच.

मूळ गोव्याची कुटुंबं मुंबईत पुष्कळ. गोव्यात अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, आणि हयातीत दिलेलं दान या राखीव भागात शिरत असेल तर ते तेवढ्यापुरतं मागे ओढता येतं. "घर तर मुंबईत आहे" हे उत्तर पुरत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण मुंबईतल्याच मालमत्तेचं होतं, आणि न्यायालयाने ठरवलं की कायम वास्तव्य गोव्याचं असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने चालेल. देणाऱ्याचं कायमचं घर कुठलं मानलं जाईल हा प्रश्न वकिलांना आधीच विचारा.

पायरी ४: भावंडांशी बोला, मग कागद करा

बोरिवलीच्या गृहस्थांच्या बहिणीला घर विकतंय हे शेजारणीने जाहीर सूचनेचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, दादाने एकदा विचारलं असतं तर मी सही करून मोकळी झाले असते." झाली असती की नसती, मला सांगता येणार नाही. पण वकिलाच्या लेटरहेडवर भावाचं नाव 'विरुद्ध पक्ष' म्हणून छापून आल्यावर सही मागणं फार अवघड असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हात जोडून सांगते: आधी भेटा. बहीण सांगलीला असेल तर गाडीत बसा आणि जा. साखळीचे कागद तिला दाखवा, तिला तिचा वकील करू द्या.

कोणता कागद करायचा हे तिचा हिस्सा आहे की नाही यावर ठरतं, आणि इथे बरेच जण चुकीचा कागद करतात.

तिचा हिस्सा खरोखर असेल तर दोन मार्ग. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. नोटरीसमोरचं ना-हरकत पत्र इथे चालत नाही. सोडायचा नसेल तर तिने विक्रीच्या करारात तुमच्यासोबत 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून सही करावी आणि तिच्या हिश्श्याचा चेक थेट तिच्या नावाने निघावा. मला दुसरा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो. कुणाच्या मनात काही राहत नाही.

तिचा हिस्सा नसेल, म्हणजे वडिलांनी स्वकमाईचं घर तुम्हाला दिलं असेल, तर सोडायला तिच्याकडे हक्कच नाही. वडील हयात असताना मुलीकडून "माझा भावी वारसाहक्क सोडते" असं लिहून घेणं तर कायद्याने हस्तांतरच नव्हे. वारस होण्याची नुसती शक्यता देता-घेता येत नाही. इथे साधं प्रतिज्ञापत्र घ्या: बक्षीसपत्र मला माहीत आहे, ते वडिलांनी राजीखुशीने केलं, माझी हरकत नाही. बँकेच्या वकिलांचं समाधान होतं आणि पुढे "मला कळलंच नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

देणारे आई किंवा वडील हयात असतील तर त्यांना विक्री करारात 'मान्यता देणार' म्हणून घ्या. एवढ्या एका सहीने खरेदीदाराची निम्मी भीती जाते.

पायरी ५: सर्च आणि जाहीर सूचना

किमान ३० वर्षांचा सर्च घ्या. नोंदणी महानिरीक्षकांच्या (आयजीआर) संकेतस्थळावर घरबसल्या पुष्कळ दिसतं, पण जुन्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात माणूस पाठवावाच लागतो. मी ओल्ड कस्टम हाउसमध्ये अशी पुस्तकं चाळलीत ज्यांची पानं हात लावताच सुटतात. सर्च अहवालात 'काही पाने फाटलेली' असा शेरा आला तर घाबरू नका, तो मुंबईत नेहमीचा आहे.

मुंबईपुरती एक खास गोष्ट. दावा चालू असताना घर विकलं तर घेणाऱ्यालाही त्या दाव्याचा निकाल बांधील असतो, हा देशभरचा नियम. मुंबईत मात्र १९३९ च्या दुरुस्तीपासून त्या दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवलेली असावी लागते. म्हणून सर्चमध्ये 'नोटीस ऑफ लिस पेन्डन्स' आहे का हे मुद्दाम पाहायला सांगा. ती नसली म्हणजे दावा नाही असं होत नाही. दिवाणी न्यायालयात देणारा आणि घेणारा, दोन्ही नावांनी शोध घ्या. दावा चालू असल्याचं तुम्हाला माहीत असेल तर खरेदीदाराला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

जाहीर सूचना साधारणपणे एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात, १४ किंवा १५ दिवसांच्या मुदतीने देतात. ती खरेदीदाराच्या वकिलांनी द्यायची असते, पण शंका वाटत असेल तर तुम्हीच आधी देऊन पाहा. जे निघायचं ते टोकनच्या आधी निघेल.

पायरी ६: हरकत आलीच तर

हरकतीचं पत्र म्हणजे मनाई हुकूम नव्हे. विक्री कायद्याने थांबत नाही, पण लोन थांबतं, आणि खरेदीदार थांबतो. सात-आठ दिवसांत वकिलांमार्फत लेखी उत्तर द्या आणि विचारा: हरकत कशाच्या आधारावर? आधार साधारण दोन प्रकारचे असतात.

पहिला, देणाऱ्याला तेवढा हक्कच नव्हता. याचं उत्तर पायरी १ मध्ये आहे, आणि हरकत खरी असेल तर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा, हक्क होता पण सही दबावाखाली किंवा शुद्धीत नसताना घेतली. वृद्ध आई पूर्णपणे ज्या मुलावर अवलंबून होती त्यालाच तिने सगळं दिलं, तर दबाव नव्हता हे दाखवायची वेळ त्या मुलावर येऊ शकते. त्या सुमाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नोंदणीच्या वेळचा फोटो आणि अंगठा, साक्षीदार कोण होते, आई स्वतः कार्यालयात गेली की निबंधक घरी आले, हे सगळं जमवा. दस्त रद्द करून मागायची मुदत, वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं. मालकी हक्काने ताबा मागण्याच्या दाव्याला किंवा एकत्र कुटुंबातला हिस्सा मागायला बारा वर्षांची मुदत लागू होऊ शकते. म्हणून "आता खूप वर्षं झाली" हे उत्तर वकिलांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका. दावा चालू असेल तर न्यायालयात संमतीपत्र दाखल करा, नसेल तर नोंदणीकृत दस्त करा.

पायरी ७: कर

घर बक्षीस मिळालं म्हणून तुमची खरेदी किंमत शून्य होत नाही. देणाऱ्याला ज्या किमतीला पडलं तीच तुमची किंमत, आणि त्याने ठेवलेली वर्षं तुमच्या वर्षांत मिळवली जातात. महागाई निर्देशांकाचा लाभ जिथे मिळतो तिथे तो आधीच्या मालकाच्या वर्षापासून धरावा, हे मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात २०११ साली सांगितलं. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो, त्या वेळच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आधीच घेऊन ठेवा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. त्याआधी घेतलेल्या घराला निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही निवासी व्यक्तीला मिळतो. दोन्ही हिशेब सीएकडून करून घ्या.

नवऱ्याने बायकोला दिलेलं घर बायकोने विकलं, तर नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. हे लोकांना विवरणपत्र भरताना कळतं, तेव्हा पैसे दुसरीकडे गेलेले असतात.

एकूण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर १ टक्का कापून भरतो. बहीण 'लिहून देणार' असेल तर तिच्या हिश्श्याची कपात तिच्या पॅनवर जायला हवी. ती परदेशी राहत असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त, शिवाय तिचं मुखत्यारपत्र तिथे प्रमाणित होऊन इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. परदेशातलं भावंड असेल तर हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण टपालातच महिना जातो.

नोंदणीचा दिवस

मूळ शेअर सर्टिफिकेट, बक्षीसपत्राची मूळ प्रत आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा सारांश-उतारा), मृत्यूचे दाखले, वारसांची यादी, भावंडांचे दस्त, सर्च अहवाल, जाहीर सूचनेची कात्रणं, आणि हरकत आली नाही किंवा मागे घेतली याचं वकिलांचं पत्र, हे एका फाइलमध्ये या क्रमाने लावून न्या.

बोरिवलीच्या व्यवहाराला चार महिने उशीर झाला. पहिला खरेदीदार निघून गेला, दुसरा मिळाला. नोंदणीच्या दिवशी बहीण रात्रीच्या गाडीने येऊन थेट कार्यालयात आली. आईला व्हीलचेअरवरून आणलं होतं. संगणकावर तिघांचे फोटो निघाले: दादा आणि बहीण 'लिहून देणार', आई 'मान्यता देणार'. बहिणीच्या हिश्श्याचा चेक तिने पर्समध्ये ठेवला आणि दादाला विचारलं, जेवायला कुठे जायचं.